ओसरी आणि माजघर

चर्चगेटहून विरारास जाणाऱ्या सायंकाळच्या लोकलमध्यें चढण्याचा प्रसंग ज्यांना आला असेल, त्यांना एका चमत्कारिक न्यायाची ओळख झाल्यावांचून राहिली नसेल. बोरिवलीस उतरावयाचें असून जो उतारू विरारच्या गाडींत शिरूं पाहतो, त्याला वसई-नालासोपाऱ्याचे नित्याचे उतारू दारांतच अडवितात. आणि चुकून तो आंत आलाच, तर बोरिवली आली असतां त्याला उतरूंही देत नाहींत. ह्या लोकांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. बोरिवलीकरांना दुसऱ्या गाड्या पुष्कळ, आम्हांला ही एक. त्यांचा प्रवास अर्ध्या वाटेचा, आमचा साठ किलोमीटरांचा. तथापि कालपर्यंत ज्याला इतरांनीं दारांतून लोटलें, तोच पाय ठेवण्यापुरती जागा मिळतांच दार अडवून उभा राहतो, हें दृश्य वसईंत राहून मी तीस वर्षें पाहत आलों आहें, व क्वचित् त्यांत सामीलही झालों आहें.

ह्याच मार्गावर बायकांचे डबे आहेत. ५ मे १९९२ रोजीं पश्चिम रेल्वेनें चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांची गाडी सुरू केली, आणि पुढील वर्षीं ती विरारपर्यंत आणली. हा पुरुषांवर उघड अन्याय आहे असें म्हणणारे गृहस्थ आमच्या फलाटावरही होते. पण सायंकाळच्या गर्दींत पुरुषांच्या डब्यांत एकदां जरी उभें राहावें लागलें, त्या स्त्रीला ह्या वेगळेपणाचें कारण कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. दार अडविणारा विरारकर आणि बायकांचा डबा, हीं दोन्ही वेगळेपणाचींच उदाहरणें होत. दोहोंना एकच नांव द्यावें काय, हा प्रश्न माझ्या मनांत बरींच वर्षें घोळत आहे, आणि तो गाडीमुळें उद्भवलेला नाहीं.

मुंबईंत व तिच्या आसपास समलिंगी स्त्रीपुरुषांनीं गेल्या पस्तीस वर्षांत ज्या बैठकी, मंडळें व संस्था उभारल्या, त्यांत कोणाला प्रवेश असावा आणि कोणीं आपली निराळी बैठक मांडावी, ह्याविषयीं जो वाद झाला त्याचा थोडासा इतिहास येथें सांगावयाचा आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत हा विषय अद्यापि दार लोटून घेऊन बोलला जातो. ज्यांना तो अप्रशस्त वाटेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, हीं माणसें आपल्याच आळींतलीं, आपल्याच नात्यांतलीं आहेत. माझ्या तर घरांतलीं आहेत.

जुन्या मराठी घरांत पुरुषांचें उठणेंबसणें ओसरीवर आणि बायकांचें माजघरांत. ओसरीवरून रस्ता दिसतो, वाटसरू दिसतो. माजघराला उजेड येतो तो दुसऱ्या खोलींतून. समलिंगी पुरुषांना ओसरी मिळण्यापूर्वींही निदान रस्ता होता. रेल्वेचीं स्थानकें, बागा, समुद्रकांठ अशा ठिकाणीं तिऱ्हाइताच्या ध्यानांत न येतां परस्परांस ओळखण्याची एक मुकी भाषा त्यांनीं फार पूर्वींच तयार केली होती. तींत धोका पुष्कळ होता. १८६० च्या दंडविधानांतील ३७७ वें कलम दाखवून पैसे उकळणारा शिपाई होता, आणि शिपायाचें सोंग घेणारा भामटाही होता. तरी पण रात्रीं दहा वाजतां घराबाहेर उभें राहण्याची मोकळीक त्यांना होती, 'कोठें होतास?' ह्या प्रश्नाला 'मित्राकडे' एवढें उत्तर पुरत होतें. स्त्रियांना ती रात्र कधींच मिळाली नव्हती. पुरुषाला भय पोलिसाचें, स्त्रीला भय घराचें, हा भेद एकदां ध्यानांत घेतला म्हणजे पुढील बहुतेक वादांचा उलगडा होतो.

१९९० सालीं पत्रकार अशोक राव कवी यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह 'बॉम्बे दोस्त' हें नियतकालिक काढलें. १९९४ सालीं 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था निघाली, आणि पुढें वाकोला येथें महानगरपालिकेच्या इमारतींत तिला जागा मिळाली. सरकारी दप्तरांत ज्यांचें अस्तित्व केवळ गुन्हेगार म्हणून होतें, त्यांना सार्वजनिक इमारतींत खुर्च्या मांडून बसण्याची सोय झाली, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत दक्षिण आशियांतील समलिंगी पुरुषांची एक परिषद भरली. ती भरूं नये, सरकारनें तिला बंदी घालावी, अशी मागणी पंतप्रधानांकडे ज्यांनीं केली, त्यांत एक नांव वाचून मी त्या वेळीं चकित झालों होतों. तें नांव कोणा धर्ममार्तंडाचें नव्हतें. तें होतें नॅशनल फेडरेशन ऑफ इंडियन विमेन ह्या डाव्या विचारांच्या स्त्रीसंघटनेचें. तिच्या नेत्या विमला फारुकी ह्यांनीं समलिंगी संबंध म्हणजे पाश्चात्य ऱ्हासाचें लक्षण होय अशी भूमिका घेतली. स्त्रियांची चळवळ म्हणजे सर्व दडपलेल्यांचें माहेर, असें ज्यांना वाटत होतें, त्यांना ह्या माहेराचें दार किती अरुंद असूं शकतें हें तेव्हां कळलें.

समलिंगी स्त्रियांनीं जावें तरी कोठें? १९८७ च्या अखेरीस मध्यप्रदेशांतील दोन महिला पोलीस शिपायांनीं परस्परांशीं विवाह केला आणि त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यांत आलें. ही बातमी देशभर छापून आली. ती वाचून आपण एकट्या नाहीं एवढें पुष्कळ स्त्रियांना समजलें. परंतु त्याच बातमीनें, उघडकीस आल्यास काय होतें, हेंही समजलें. मराठी रंगभूमीनें ह्या विषयाला त्याच्याही आधीं हात घातला होता. विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनीं केली. त्या नाटकांत मित्राला बापूसारखा एक सरळ मनाचा मित्र आहे, पण तिच्यासारख्या चारचौघी एकत्र बसल्या आहेत अशी जागा सबंध नाटकांत नाहीं. नाटककारानें ती मुद्दाम वगळली असें मला वाटत नाहीं. तशी जागा तेव्हां नव्हतीच.

दिल्लींत १९९१ च्या सुमारास 'सखी' हा गट निघाला. मुंबईंत १९९५ सालीं 'स्त्री संगम' स्थापन झालें. तें उभें करणाऱ्या स्त्रियांपैकीं कित्येकजणी स्त्रीमुक्तीच्या चळवळींत मुरलेल्या होत्या. मथुरा प्रकरणाच्या निकालानंतर १९८० सालीं मुंबईंत जो मंच निघाला आणि पुढें 'नारी अत्याचार विरोधी मंच' म्हणून प्रसिद्धीस आला, त्याच्याशीं त्यांचा निकटचा संबंध होता. म्हणजे हमसफरची ओसरी तयार होत असतांनाच त्यांनीं तिच्या शेजारीं आपलें माजघर निराळें मांडलें. त्यावर आक्षेप आला तो असा कीं, आधींच मूठभर लोक, त्यांत पुन्हां ही फाटाफूट कशाला?

ह्या आक्षेपाचें उत्तर महाराष्ट्राच्या जुन्या इतिहासांत आहे. एकोणिसाव्या शतकांतील आपले सुधारक स्त्रियांना सभेंत येऊं देण्यास तयार होते, नव्हे, त्यांनीं यावें अशी त्यांची खटपट होती. असें असूनही पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं पुण्यांत आर्य महिला समाज निराळाच काढला. ज्या सभेंत सासरे, दीर आणि नवरे पुढील रांगेंत बसले आहेत, तेथें सून काय बोलणार? ती आली, बसली आणि परत गेली, तर तिची गणना उपस्थितांत होते; तिचें गाऱ्हाणें मात्र इतिवृत्तांत येत नाहीं. समाईक ओसरीचा हा दोष ती बांधणाऱ्यांच्या दुष्टपणामुळें उत्पन्न होत नाहीं. ओसरीवर जे आधीं येऊन बसले, त्यांच्या सोयीनें तिचे वेळ, विषय आणि विनोद ठरून जातात.

नव्वदच्या दशकांत त्या सोयीला पैशाचीही जोड मिळाली. भारतांत एच. आय. व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ सालीं आढळले, आणि १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. पुरुषांशीं संबंध ठेवणारे पुरुष हा रोगाच्या दृष्टीनें जोखमीचा वर्ग. तेव्हां त्यांच्यांत काम करणाऱ्या संस्थांना सरकारी व परदेशी अनुदान मिळूं लागलें. त्यांतून दवाखाने चालले, सल्लागार नेमले गेले, भाड्याची चिंता मिटली, आणि असंख्य प्राण वांचले. समलिंगी स्त्रिया मात्र रोगाच्या कोष्टकांत बसत नव्हत्या. त्यांचा रोग म्हणजे बळजबरीचें लग्न, कोंडून ठेवणें, कुटुंबानें मोडलेलें मैत्र, आणि कित्येकदां आत्मघात. ह्यासाठीं कोणत्याही खात्यांत शीर्षक नव्हतें. स्त्री संगम स्वयंसेवेवर आणि पदरच्या खर्चावर चालत राहिलें. दारिद्र्याचा एक लाभ असा कीं, हिशेब कोणाला द्यावयाचा नसल्यामुळें त्यांना आपली भाषा स्वतः ठरवितां आली. पण ह्या लाभाचें फार कौतुक करूं नये. रात्रीं अकरा वाजतां घरांतून हाकललेल्या मुलीला निजावयास जागा लागते, आणि जागेला भाडें पडतें.

हा तंटा मुंबईचाच होता असें मात्र नाहीं. अमेरिकेंत स्त्रीमुक्तीच्या पुढारी बाईंनीं समलिंगी स्त्रियांना चळवळीवरील संकट म्हटलें, तेव्हां १ मे १९७० रोजीं न्यूयॉर्कच्या स्त्री-परिषदेंत कांहींजणी तेंच दूषण आपल्या अंगरख्यांवर छापून व्यासपीठावर चढल्या. त्यानंतर तीनच वर्षांनीं त्या शहरांतील समलिंगी मेळाव्यांत जीन ओलिअरी ह्या समलिंगी स्त्रियांच्या पुढारी बाईंनीं स्त्रीवेष करणाऱ्या पुरुषांचा निषेध केला, आणि सिल्विया रिव्हेरा ही तृतीयपंथी कार्यकर्ती बोलावयास उभी राहिली तेव्हां समुदायानें तिची हुर्यो उडविली. पुढें ओलिअरीबाईंना आपल्या ह्या कृत्याचा पश्चात्ताप झाला. ज्या दाराशीं आपणांस अडविलें होतें, तेंच दार आपण दुसऱ्यावर लोटलें, हें त्यांच्या ध्यानांत आलें. विरारच्या गाडींतील न्याय असा सातासमुद्रांपलीकडेही चालतो. मिशिगन राज्यांत १९७६ पासून स्त्रियांचा एक संगीतमहोत्सव रानांत भरत असे. तेथें सुतारकामापासून ध्वनियंत्रापर्यंत सर्व कामें स्त्रियाच करीत. तेथें गेलेल्या कित्येकजणी सांगतात कीं, रात्रीं एकटीनें निर्धास्त चालणें म्हणजे काय, हें त्यांना जन्मांत प्रथम तेथें कळलें. त्याच महोत्सवांतून १९९१ सालीं एका तृतीयपंथी स्त्रीला बाहेर काढण्यांत आलें, पुढें कुंपणाबाहेर निषेधाची छावणी पडूं लागली, आणि २०१५ सालीं महोत्सव बंद झाला. निर्धास्त चालण्याचा तो आनंदही खरा होता, आणि कुंपणाबाहेरची छावणीही खरी होती. ह्या दोहोंपैकीं एकच सांगणारे इतिहासकार मला पक्षपाती वाटतात. ह्या सर्वांपेक्षां मार्मिक विचार मला बोस्टनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कॉम्बाही रिव्हर मंडळाचा वाटतो. १९७७ च्या आपल्या निवेदनांत त्यांनीं पुरुषांपासून संपूर्ण फारकत घेण्याचा मार्ग नाकारला. कारण वर्णद्वेषाशीं झुंजतांना कृष्णवर्णीय पुरुष त्यांचे सोबती होते, जरी घरांत त्यांच्याशींच झगडावें लागत होतें. आपल्याकडील दलित स्त्रीला हें कोडें कोणी नव्यानें शिकवावयास नको.

आतां घरची गोष्ट सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं माझी एक भाची नालासोपाऱ्यास एका मैत्रिणीबरोबर राहूं लागली. मैत्रीण असें आम्ही तेव्हां म्हणत असूं. जन्मानें मुलगी, पण वृत्तीनें, पेहेरावानें व बोलण्यानें तो पुरुष आहे हें समजावयास मला बराच काळ लागला. भाची आधीं एका मंडळाच्या समाईक मेळाव्यास जाऊन आली. तेथें तिला कोणी वाईट वागविलें नाहीं. फक्त चाळीस पुरुषांत ती एकटी होती, आणि बोलणें सर्व पुरुषांच्या अडचणींचें चाललें होतें. मग तिला एका स्त्रियांच्या बैठकीचा पत्ता मिळाला. (त्या मंडळाचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं, तें आज अस्तित्वांतही नाहीं.) ह्या खेपेस दोघें मिळून गेलीं. दारांत एका बाईनें तिला आंत घेतलें व त्याला सांगितलें कीं ही बैठक बायकांची आहे. तो म्हणाला, "मग पुरुषांच्या बैठकींत तरी मला कोण घेणार?" भाची त्याच्याबरोबर परत फिरली. त्या रात्रीं ती आमच्याकडे जेवावयास होती. "मामा," ती म्हणाली, "मला आंत बोलावलें होतें, पण मी ज्याच्यासाठीं गेलें होतें तोच बाहेर राहिला."

त्या दारांतल्या बाईला मी दोष देत असें. आतां तितक्या सहज देववत नाहीं. तिच्या आंतल्या खोलींत कदाचित् अशी एखादी स्त्री बसली असेल, जिला पुरुषाचा आवाज ऐकतांच धडकी भरते; आणि त्या चार भिंती उभ्या करण्यास तिला किती वर्षें लागलीं, हें मला ठाऊक नाहीं. परंतु तिची चूक कोठें झाली, तें मला दिसतें. ती खोली ज्या दुःखामुळें निघाली, तें दुःख दारांत उभ्या असलेल्या माणसाचेंही होतें. त्यालाही मुलगी म्हणूनच वाढविलें होतें, मुलगी म्हणूनच स्थळें पाहिलीं होतीं, आणि मुलगी म्हणूनच कोंडलें होतें.

स्त्री संगमच्या इतिहासाचें मला जें महत्त्व वाटतें तें येथेंच. ह्या शतकाच्या आरंभीं त्या मंडळानें नांव बदलून 'लेबिया' असें घेतलें, आणि आपल्या वर्णनांत समलिंगी व उभयलिंगी स्त्रियांच्या जोडीस तृतीयपंथी व्यक्तींनाही स्थान दिलें. २०१३ सालीं त्यांनीं 'ब्रेकिंग द बायनरी' ह्या नांवाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतः ज्यांना मुलगी ठरविण्यांत आलें अशा पन्नास जणांच्या जीवनकहाण्यांवर तो आधारलेला आहे. त्यांत स्वतःला स्त्री म्हणविणारे आहेत, पुरुष म्हणविणारे आहेत, आणि दोन्ही नांवें नाकारणारेही आहेत. 'तूं स्त्री आहेस काय?' हा प्रश्न बाजूस सारून 'तुला मुलगी समजून जगानें काय केलें?' असा प्रश्न त्यांनीं विचारला. हा बदल एका बैठकींत झाला नसावा. त्यामागें रुसवेफुगवे झालेच असतील. २०१५ सालीं त्यांतील चौघांनीं ह्याच अभ्यासावर एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

अर्थात् ह्याही चौकटीबाहेर कोणी उरतेंच. जन्मतः मुलगा ठरविलेल्या तृतीयपंथी स्त्रिया ह्या अभ्यासांत येत नाहींत. त्यांचें जग निराळें. गुरु-चेल्यांचीं, घराण्यांचीं त्यांची व्यवस्था ह्या सर्व संस्थांहून जुनी, आणि तिचे नियमही कडक. इंग्रज सरकारनें १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत त्यांची नोंदवही ठेवविली होती. तेव्हां त्यांचें वेगळेपण कांहीं अंशीं दुसऱ्यांनीं लादलेलें आहे. मालाडच्या गौरी सावंत यांची 'सखी चारचौघी' ही संस्था २००० सालीं निघाली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हें पुस्तक २०१२ सालीं मराठींत आलें, तेव्हां तें आमच्या वाचनालयांत उघडपणें मागून नेणाऱ्या प्रौढ स्त्रिया पाहून मला समाधान वाटलें.

भाषा, पैसा आणि अंतर हींही दारेंच आहेत, पण त्यांच्यावर पाटी नसते. नव्वदच्या दशकांत कुलाब्याच्या एका मद्यगृहांत शनिवारीं रात्रीं समलिंगी पुरुष जमत. १९९८ पासून 'गे बॉम्बे' ह्या गटाचे मेळावे होऊं लागले. तेथें इंग्रजी येत नसलेला, प्रवेशमूल्य न परवडणारा, आणि शेवटची विरार लोकल गांठावयाची असलेला मुलगा कोणी हाकलून न देतांही बाहेरच राहिला. मराठींत ह्या विषयावर सातत्यानें काम उभें राहिलें तें पुण्यास. बिंदुमाधव खिरे यांनीं २००२ सालीं 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला आणि मराठींत पुस्तकें लिहिलीं. ज्या बापाला मुलाचें सांगणें इंग्रजींत कळलें नसतें, त्याच्या हातांत मराठी पुस्तक ठेवतां येऊं लागलें.

१६ ऑगस्ट २००८ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीं, ऑगस्ट क्रांति मैदानापासून गिरगांव चौपाटीपर्यंत पहिली मोठी मिरवणूक निघाली. निरनिराळ्या संस्था, गट आणि कोणत्याच गटांत नसलेलीं माणसें तींत एकत्र चाललीं. हें ऐक्य वेगळ्या बैठकी मोडून झालें नव्हतें. ज्यांनीं दहाबारा वर्षें आपल्या खोलींत बसून बोलण्याचा सराव केला होता, त्यांना रस्त्यावर आपल्या शब्दांत बोलतां आलें. हमसफरसारख्या संस्थेनेंही पुढें समलिंगी स्त्रियांसाठीं 'उमंग' हा गट काढला, म्हणजे ओसरीच्या घरांतही माजघर झालें. पुढील वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयानें ३७७ व्या कलमाचा जाच दूर केला. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो परत आणला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें तो कायमचा मिटविला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत मात्र समलिंगी विवाहास मान्यता देण्याचें न्यायालयानें नाकारलें. पोलिसाचें भय असें बरेंचसें गेलें आहे. घराचें भय होतें तेथेंच आहे, आणि तें प्रथमपासून कोणाच्या वांट्याला अधिक होतें हें वर सांगितलेंच आहे.

भाची व तिचा सोबती अद्यापि नालासोपाऱ्यासच असतात. घरभाड्याच्या करारावर दोघांचीं नांवें आहेत, नात्याचा रकाना कोरा आहे. सकाळीं पूर्वीं दोघें बायकांच्या डब्यांतून जात. त्यानें मिशी राखल्यापासून तेथें त्याला चढूं देत नाहींत, म्हणून तो गर्दीच्या डब्याला लोंबकळतो. अंधेरीस उतरल्यावर पुलावर जो आधीं पोंचेल, तो दुसऱ्यासाठीं थांबतो.